दारातले बूट

तेलीबाग, लखनौ
१४ जुलै २०२४

ती. वन्सं,

नमस्कार बसूनच करते आहे. वाकले की उठताना टाच जमिनीला लावावी लागते, आणि सध्या तेवढंच जमत नाही.

तुमचं पत्र जूनमध्येच आलं. उत्तराला उशीर झाला. फोन केला असता, पण तुमच्या कानातलं यंत्र शीळ घालतं आणि आपण दोघी अर्धा वेळ 'हॅलो हॅलो' करत राहतो. त्यापेक्षा हे बरं. शिवाय हल्ली मराठी पूर्ण वाक्यात येते ती तुम्हांला लिहितानाच. दिवसभर 'भैया, टमाटर कैसे दिए' एवढंच बोलणं. तेही आता बंद झालं आहे.

सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की उजव्या टाचेत खिळा घुसतो. भिंत धरत स्वयंपाकघरापर्यंत जाते. मग थोडं सैल पडतं. दुपारी बसून उठलं की पुन्हा तेच. बागेत जाणं थांबलं, भाजी आणायला जाणं थांबलं.

हृषीला कळलं. वडील गेल्यापासून तो मला पुण्याला न्यायचं म्हणतो आहे, हे तुम्हांला माहीत आहे. आजवर माझ्याकडे एक उत्तर होतं, की मी माझी चालते-फिरते, माझं मी आणते, कुणाला त्रास नाही. आता तो म्हणतो, "आई, तुला नुक्कडपर्यंत जाता येत नाही. अब बस." दसऱ्याला येणार आहे. तोवर मी धड चालायला लागले तर इथं राहायचं, नाहीतर घर भाड्यानं देऊन त्याच्याबरोबर जायचं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला पायच नव्हता.

मला जायचं नाही, वन्सं. सून चांगली आहे, नात गोड आहे. पण तिथं चहा केव्हा मागावा याचा विचार करावा लागतो. इथं पातेलं हात लांब केला की सापडतं. यांची पुस्तकं आहेत. लग्न होऊन आले तेव्हा मला वर्तमानपत्रसुद्धा बोट ठेवून वाचावं लागायचं. यांच्या कपाटातून एकेक काढत इथंच वाचायला शिकले. ती सगळी पुण्याच्या फ्लॅटमध्ये मावणार नाहीत, आणि कुठली ठेवायची हे मला कुणी विचारणार नाही.

आता पुढचं वाचून हसू नका. डॉक्टरांनी विचारलं, "फिरायला कुठले जूते घालता?" मी पिशवीतून काढून दाखवले. ते म्हणाले, "ये तो किसी आदमी के हैं."

यांचेच होते.

हे गेल्यावर शेजारच्या मिश्राभाभी म्हणाल्या होत्या, "भाईसाहब के जूते दरवाज़े पर रहने दीजिए. अकेली औरत का घर है, किसी को क्यों मालूम पड़े." इकडे पुष्कळ बायका असं करतात. दानाला आपण नवे जोडे दिले होते, त्यामुळे यांचे फिरायचे बूट शिल्लकच होते. ते दारात ठेवले. थोड्या दिवसांत त्यांच्यावर धूळ बसली, आत कोळ्यानं जाळं केलं. सिलिंडरवाला म्हणाला, "साहब बाहर गए हैं क्या? जूते तो कब से यहीं पड़े हैं." तेव्हा लक्षात आलं की बूट दारात असून भागत नाही, ते वापरातले दिसायला हवेत. म्हणून फिरायला जाताना मीच ते घालू लागले. पुढे कापूस कोंबला, मोज्यांवर मोजे चढवले. मग त्यांना चिखल लागायचा, नाडी सैल पडायची. घरात माणूस असल्यासारखे दिसायचे.

दीड वर्ष अशी चालले. डॉक्टर म्हणाले, तळव्याला टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो, तो ताणून ताणून सुजला आहे. यांच्या बुटांची बाहेरची कड पार झिजलेली. माझा पाय रोज त्या उतारावर पडत होता. आता ते घालायचे नाहीत. अनवाणीही चालायचं नाही, घरातसुद्धा. टाचेला आधार देतील असे स्वतःच्या मापाचे बूट घ्या म्हणाले.

अजून घेतलेले नाहीत. मिश्राभाभी पोस्टाकडे निघाल्या आहेत, म्हणून आवरते.

तुमची,
शुभदा


कराड
२५ जुलै २०२४

शुभदा,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी रागावते.

दिनूचे बूट घालून तू दीड वर्ष फिरलीस? अगं, त्याचा पाय म्हणजे होडी! लहानपणापासून बाहेरच्या कडेवर चालायचा. आई म्हणायची, "कार्ट्या, अर्धाच जोडा वापरतोस, तर अर्धाच विकत आण." आणि तुझा पाय एवढासा. तुझी जोडवी सोनाराकडून दोनदा बारीक करून आणावी लागली होती, मीच गेले होते ना.

चोराला दाखवायला पुरुषाचे बूट ठेवायचे तर ठेव की. पण ते घालायचे कशाला? रोज जागेवरून हलवायचे, मधून मधून थोडा चिखल फासायचा. पण तुझं डोकं सरळ. खोटं करायचं तरी ते खरं करून दाखवणार!

आमच्या खालच्या मजल्यावर सानिका राहते. हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवते. तिला तुझ्या पत्रातलं बुटांचं तेवढं वाचून दाखवलं. तिनं सांगितलेलं लिहिते, नीट वाच. बूट सकाळी घ्यायला जायचं नाही, संध्याकाळी जायचं, दिवसभरात पाय फुगलेला असतो. मोजे घालून जायचं. दोन्ही पायांत घालून बघायचं, कारण दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाला बसेल तो घ्यायचा. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. मागची टाचेभोवतालची वाटी दाबून बघायची, ती दबता कामा नये. मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवायचा. बोटांपाशी वाकला तर चांगला, मधोमध दुमडला तर परत दे. आणि ओल्या फडक्यासारखा पिळला गेला तरी परत दे. नाडीचाच घ्यायचा.

घरातही चप्पल घाल. स्वयंपाकघरात चप्पल म्हटल्यावर मलाच कसंसं झालं, पण वेगळी ठेव, घरातली घरात. देवापुढे तेवढी काढ.

आणि आता खरं सांग. तुला साडीवर बूट घालायची लाज वाटते ना? नवऱ्याचे घातले तेव्हा लाज नव्हती, ती 'गरज' होती. स्वतःचे घ्यायचे म्हटल्यावर चैन वाटायला लागली. मी बत्तीस वर्षं सातवीच्या मुलींना भूगोल शिकवला, असल्या मुली मला चेहऱ्यावरून कळतात. लाज गुंडाळून ठेव आणि दुकानात जा.

आता आशीर्वाद.

मीनाक्षी


तेलीबाग
१२ ऑगस्ट २०२४

ती. वन्सं,

दुकानात गेले होते. आधी ते सांगते.

आलमबागेत मोठं दुकान आहे, काचेचं. ई-रिक्शानं गेले. भर दुपारी गेले, कारण तेव्हा गर्दी नसते. तुमचं 'संध्याकाळी' मी वाचलं होतं, पण धीर दुपारी झाला. मुलगा म्हणाला, "आइए माताजी," आणि मऊ सपाता काढून समोर मांडल्या. मी म्हटलं, "चलनेवाले जूते दिखाओ. स्पोर्टवाले."

"किसके लिए?"

"मेरे लिए."

"आपके लिए?" त्यानं मागे वळून हाक मारली, "अरे, माताजी मैराथन में जा रही हैं, लेडीज़ रैक खोलो." वाईट नव्हता, थट्टा करत होता. मीही हसले. बायकांचे सगळे बूट गुलाबी. त्यातला एक घेऊन तो माझ्यापुढे बसला, माझी टाच तळहातावर घेतली आणि बूट चढवायला लागला.

मी पाय ओढून घेतला आणि उठून बाहेर आले.

लाज नव्हती, वन्सं. तुमचं तेवढं चुकलं. यांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांचे पाय चेपायची. एकदा ते म्हणाले होते, "आता तुझे पाय इकडे कर, मी चेपतो," आणि त्यांच्या हातात जोर नव्हता, नुसता हात ठेवून बसले होते. त्यानंतर माझ्या पायाला कुणाचा हात लागलेला नाही. त्या पोरानं धरला तेव्हा तिथं, त्या काचेच्या दुकानात, मला रडू आलं असतं.

आणखी एक आहे, ते लिहावं की नको समजत नाही. मी त्यांचे बूट घालत होते तोवर ते रोज बाहेर जात होते, रोज परत येत होते. माझे नवे आले की त्यांचे दारात नुसते पडून राहणार.

पुढे काय झालं ते ऐका. हृषीला वाटलं मी चालढकल करते, म्हणून त्यानंच ऑनलाइन मागवून दिले. नंबर फोनवर विचारला, मी चपलेचा सांगितला. बूट आले ते इतके मऊ की गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. पुढे बोटं दाबली जातात, मागे टाच डुलते. मोरीच्या कडेला घोटा मुरगळता मुरगळता राहिला. तुमच्या सानिकाची परीक्षा घेतली. मधोमध दुमडला, आणि पिळलाही गेला.

पण हृषीनं हौसेनं पाठवलेले. त्याला व्हिडिओ हवा होता. मिश्राभाभींनी काढला. "ज़रा मुस्कुराइए भाभीजी, लखनऊ में हैं आप." मी पलंगापासून कपाटापर्यंत दात आवळून चालले आणि हसले. त्याचं लगेच आलं, "वा आई! एकदम फिट!" दोन दिवसांनी त्यानं तसलेच आणखी पाठवले, निळ्या रंगात.

आता घरात बुटांचे तीन जोड आहेत आणि मी सपाता घालून भिंत धरते. दसरा जवळ येतो आहे.

शुभदा


कराड
२३ ऑगस्ट २०२४

चि. शुभदा,

यावेळी थट्टा करत नाही.

हृषीकेशचा फोन सानिकाला आला होता. ती ऐकत होती आणि मला पाटीवर लिहून दाखवत होती. तो विचारत होता, "आत्या, आई खरंच बरी आहे का? व्हिडिओत ती हसत होती, पण कपाटाचा खण घट्ट धरून उभी होती." पोराला दिसलं हो. तुझंच पोर.

मी त्याला सांगितलं, दसऱ्याची वाट बघू नकोस, तिला घेऊन जा.

होय, मी सांगितलं. तू परक्या मुलखात, एकटी, दुखरा पाय घेऊन मोरीत पडलीस तर मिश्राभाभी कधी येऊन बघणार? दिनू उसावर संशोधन करायला म्हणून लखनौला गेला, त्याची नोकरी होती. तुझं तिथं आता काय आहे? पुस्तकं पुण्यात वाचता येतात. चहाचं म्हणशील तर मागायला शीक.

राग आला तर येऊ दे. मोठी आहे मी, तेवढा अधिकार धरते.

मीनाक्षी


कराड
१९ सप्टेंबर २०२४

शुभदा,

पत्र नाही. हृषीकेश सानिकाला म्हणाला, "आई फोनवर बोलते, ठीक आहे." म्हणजे तू मलाच लिहीत नाहीस.

काल पितृपक्ष लागला. दिनूच्या नावानं पान मीच वाढणार आहे, गच्चीवर ठेवीन. तिथं कावळे कमी आणि कबुतरं जास्त. त्याला चालेल, तो पक्ष्यांमध्ये भेद करत नव्हता.

तू म्हणशील, वन्संना माझी काळजी म्हणून त्यांनी 'घेऊन जा' सांगितलं. काळजी होतीच. पण पुणं इथून एसटीनं एका दुपारचं. तू तिथं आलीस तर महिन्यातून एकदा तरी दारात दिसशील असं मी धरून चालले होते. माझ्या लहानपणाचं माणूस आता कुणी उरलं नाही. दिनूबद्दल बोलायला तू तेवढी आहेस. सानिका चांगली आहे, पण तिला सगळं पाटीवर लिहावं लागतं, आणि पाटीवर कुणी कुणाच्या आठवणी लिहीत नाही.

तुला बुटांचे नियम लिहून पाठवत होते तेव्हाही मनात हेच होतं. नियम मात्र खरे होते.

लिही.

मीनाक्षी


तेलीबाग
३० सप्टेंबर २०२४

ती. वन्सं,

रागावले होते. तुमच्या ऑगस्टच्या पत्राला उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. मग वाटलं, कागदावर भांडण्यापेक्षा बूट आणावेत. रागात माणूस दुकानात नीट वागतो.

संध्याकाळी गेले, मोजे घालून. मिश्राभाभींना बरोबर घेतलं. त्या म्हणाल्या, "मैं भी देख लूँ, मेरे घुटने भी चीखते हैं." यावेळी तेलीबागेतलंच साधं दुकान निवडलं, जिथं शाळेचे बूट मिळतात. मालकानं स्टूल दिलं आणि खोके रचले. मी म्हटलं, "भैया, पहनाइए मत, मैं खुद पहनूँगी."

मग मी एकेक बूट हातात घेऊन टाच दाबून पाहिली, वाकवला, पिळला. मालक बघत राहिला. शेवटी म्हणाला, "माताजी, ख़रीदने आई हैं कि तोड़ने?" मिश्राभाभी म्हणाल्या, "इनके मियाँ साइंटिस्ट थे, ये घर में सीख गई हैं." वन्सं, यांच्याबद्दल कितीतरी दिवसांनी कुणी असं बोललं. 'थे' म्हणाल्या, पण सहज म्हणाल्या.

बायकांच्या रॅकवरचे पुढे निमुळते होते. मुलांच्या रॅकवर करड्या रंगाचे सापडले, साधे, रुंद. मागची वाटी घट्ट. बोटांपाशीच वाकतात. डावा पाय मोठा निघाला. इतकी वर्षं मी उजव्या मापाच्या चपला घेत होते. दुकानात सतरंजी होती, तिच्यावर सगळेच बूट बरे वाटतात, म्हणून बाहेर फरशीवर चालून पाहिलं. मालक मागोमाग आला, मी पळून जाईन म्हणून. त्याला म्हटलं, "भागने लायक़ होती तो जूते क्यों ख़रीदती?" तो मोठ्यानं हसला. मिश्राभाभींनीही घेतले. त्यांनी गुलाबी घेतले.

पहिले काही दिवस घरातच घातले. तळव्याखाली थंड पाण्याची बाटली फिरवते, भिंतीला हात टेकून पोटरी ताणते. सकाळचा खिळा अजून आहे, पण बोथट झाला आहे. परवा बागेच्या फाटकापर्यंत गेले. काल आत गेले.

हृषीला व्हिडिओचं खरं सांगितलं. तो म्हणाला, "पता था, आई." तेवढंच. त्याचे दोन्ही जोड परत पाठवले.

आता तुमच्या पत्राबद्दल. तुम्हांला मी जवळ हवी होते, तर तसंच म्हणायचं होतं. ते माझ्या टाचेवर का घातलंत? तुम्ही 'ये' म्हणाला असतात तर मी विचार केला असता. 'घेऊन जा' म्हणालात, म्हणून रुसले. मी सामान आहे का?

गच्चीवर पान ठेवलंत, बरं केलंत. मी इथं खीर केली होती. एकटीसाठी खीर कमी करता येत नाही. मिश्राभाभींना दिली.

शुभदा


तेलीबाग
२२ ऑक्टोबर २०२४

ती. वन्सं,

हृषी आला आणि गेला. तुम्हांला सगळं सांगायचं होतं, म्हणून तो गेल्यावर दोन दिवस शांत बसले आणि मग लिहायला घेतलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी त्याला म्हटलं, "चल, बागेत." तो ऑफिसचे चकचकीत बूट घालून आला, दुसरे आणले नव्हते. आम्ही चाललो. इकडे त्या दिवशी जागोजागी रावण उभे असतात, मुलं फटाके वाजवत होती. मी माझ्या चालीनं चालत होते. तो एकदम म्हणाला, "आई, हळू. माझी टाच लागते आहे." बघितलं तर फोड आला होता. बाकावर बसलो.

तो बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होता. म्हणाला, "अच्छे हैं. कुठून घेतले?" मी सांगितलं. मग म्हणाला, "म्हणजे तू बरी झालीस."

"बरीच."

"अब मैं क्या बोलूँ, यार? तिकडे तुझी खोली रंगवून घेतली आहे. पूर्वानं पडदे शिवले. तू चालू शकत नाहीस हे एकच कारण होतं माझ्याकडे."

पूर्वा, माझी नात, आता दहावीत आहे, तुम्ही तिला बारशानंतर पाहिलंच नाहीत. पडदे तिनं शिवले, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

वन्सं, मला वाटलं होतं हा क्षण आला की मी जिंकेन. तो बुटातून पाय काढून फोडावर फुंकर घालत बसला होता, लहानपणी घालायचा तसाच. मी म्हटलं, "आजारी पडल्याशिवाय मला बोलवायचं नाही, असं ठरलं आहे का तुमचं?"

"तसं नाही."

"मग कारण कशाला लागतं? तिकीट काढ. थंडीत येते. पण परत यायचंही काढ."

तो हसला नाही. पण त्यानं तिथंच बसून दोन्ही तिकिटं काढली.

घर भाड्यानं जाणार नाही. मी इथंच राहणार, हे त्यानं मान्य केलं. परवा त्याला विमानाला सोडायला सरोजिनी नगरच्या रस्त्यानं गेले, आणि येताना तेलीबागेच्या वळणावर उतरून घरापर्यंत चालत आले. टाच दुखली नाही. कुलूप काढलं, दिवा लावला. कुणाला सांगावं असं काही नव्हतं.

एक गंमत लिहिते, आणि ती गंमत आहे की नाही मला कळत नाही. टाच दुखत होती तेव्हा हृषीचा रोज फोन यायचा. मिश्राभाभी दोनदा डोकावायच्या. सूनबाई तेल पाठवायची. आता सगळे म्हणतात, छान, बरी झालीस, आणि फोन ठेवतात. आजच्या दिवसात मी आत्तापर्यंत एकच वाक्य बोलले आहे, दूधवाल्याशी. पायाचं दुखणं बूट घेऊन गेलं. हे दुसरं आहे ते मापाचं नाही, त्याला दुकान नाही. ते घेऊनच मला इथं राहायचं आहे, आणि राहायचं आहे हे नक्की आहे. एवढं तुम्ही समजून घ्या.

आता तुमच्यासाठी. पौषात पुण्याला येते आहे आणि तिथून सरळ कराडला. हृषीनं आणून सोडायचं नाही, एसटीनं येईन. महिनाभर राहीन. तुम्ही आता घराबाहेर पडत नाही, जिना उतरत नाही, असं सानिका हृषीला म्हणाली. हे तुम्ही मला एकदाही लिहिलं नाहीत. मी आले की आपण दोघी एखाद्या संध्याकाळी दुकानात जाऊ. नियम तुमचेच आहेत, पाठ आहेत मला. तुमचा पाय मी धरीन, दुकानदाराला धरू देणार नाही.

शुभदा


कराड
२० नोव्हेंबर २०२४

शुभदा,

दिवाळीत सानिका माहेरी गेली होती. तुझं पत्र खालच्या पेटीत पडून राहिलं, कारण खाली जाऊन पेटी बघणारी तीच. गेल्या आठवड्यात हातात आलं. तेव्हापासून रोज वाचते आहे, म्हणून उत्तराला आणखी उशीर.

ये. यावेळी सरळ लिहिते, तुझ्या टाचेवर घालत नाही. ये, मला तू हवी आहेस. परत जाणार आहेस हे वाचलं. त्याचं वाईट वाटलं आणि मग वाटेनासं झालं. तुझं घर आहे, तू राहा.

बूट घेऊ म्हणतेस तर घेऊ. दुकानदाराला छळायला मला आवडेलच. पण एक सांगते. मी घरात बसले ती बूट नव्हते म्हणून नाही. माझे पाय चांगले आहेत, कुणी विचारलं तर दाखवीन. जिना उतरून खाली गेलं की पुढे कुठं जायचं, हे सुचत नव्हतं. शाळा संपली, मैत्रिणी संपल्या. भाजी वर येते, औषध वर येतं. मग कठड्याला धरून उतरायचं ते कशासाठी? तू विचारलं नाहीस, म्हणून मी लिहिलं नाही. आणि तुलाही तेच दुखत होतं, हे मी बुटांच्या नादात वाचलंच नाही. भूगोलाची बाई मी, नकाशा बघत बसले.

तुझं पत्र वाचून झालं आणि संध्याकाळी कठडा धरून खाली उतरले. वेळ लागला. फाटकापर्यंत गेले, कडी काढली आणि रस्त्यावर उभी राहिले. समोरच्या देवयानीबाई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. मला बघून तांब्या हातातच राहिला त्यांच्या. जवळ येऊन कानाशी ओरडल्या, "बाई, खाली? कुणाची वाट बघताय?"

म्हटलं, "लखनौहून भावजय यायची आहे."

"आज?"

"नाही हो. पौषात."

मीनाक्षी